आगीपूर्वीची तयारी : व्हिक्टोरियातील ग्रामीण अग्निशामक पथकांचा इतिहास

उन्हाळ्यात खेड्यात आग लागली म्हणजे प्रथम धावून येतो तो शेजारी. आगीचा बंब तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघतो, आणि तो येऊन पोहोचेपर्यंत कडब्याच्या गंजीची बहुधा राख झालेली असते. आग दिसल्यापासून बंब येईपर्यंतचा हा मधला वेळ कोणाच्या हाती असतो आणि त्या वेळात काय करावयाचे हे कोणी आधी ठरविलेले असते काय, हा ग्रामीण अग्निरक्षणाचा मूळ प्रश्न होय.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या खेड्यांनी या प्रश्नाचे उत्तर दीडशेहून अधिक वर्षे शोधले आहे. तेथील आग विझविणारे बहुसंख्य लोक पगारी नोकर नाहीत. ते शेतकरी, दुकानदार, सुतार, शिक्षक, गृहिणी असे गावचेच रहिवासी आहेत. त्यांच्या इतिहासात शौर्याच्या कथा पुष्कळ आहेत. परंतु शिक्षकांच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचा भाग निराळा आहे. धैर्य अंगी असलेली माणसे तयारीच्या अभावी कशी बळी पडली, आणि त्या समाजाने आपली चूक शोधून काढून ती नियमांत व शिक्षणात कशी उतरविली, हे त्यात पाहावयास मिळते. म्हणून हा इतिहास भूगोल, विज्ञान व नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांना उपयोगी पडणारा आहे.

प्रदेशाची ओळख

व्हिक्टोरिया हे राज्य ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय टोकास आहे. त्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे तीन-चतुर्थांश भरेल. मेलबर्न ही त्याची राजधानी. हा प्रदेश दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथील उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत येतो. आपल्याकडे शेकोट्या पेटतात त्या दिवसांत तेथील गवत वाळून पिवळे पडलेले असते.

तेथील जंगलात युकॅलिप्टस जातीच्या वृक्षांचे प्राबल्य आहे. एकोणिसाव्या शतकात निलगिरी पर्वतावर याच वृक्षांची लागवड झाली आणि त्यावरून आपल्याकडे त्यांना निलगिरी हे नाव मिळाले. निलगिरीचे पान चुरगाळले असता जो उग्र वास येतो तो पानांतील तेलाचा. हे तेल ज्वालाग्राही असते. शिवाय काही जातींची साल लांब पट्ट्यांच्या रूपाने सुटून लोंबत राहते. आग लागली म्हणजे पेटलेल्या सालीचे हे तुकडे वाऱ्याबरोबर उडतात आणि मुख्य आगीच्या पुढे कित्येक किलोमीटर अंतरावर नव्या आगी लावतात. त्यामुळे नदी किंवा रस्ता आडवा आला म्हणून आग थांबेलच, असा भरवसा तेथे धरता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वाऱ्याची आहे. खंडाच्या मध्यभागी वाळवंट असल्यामुळे उत्तरेकडून येणारा वारा अत्यंत उष्ण व कोरडा असतो. असा वारा एक-दोन दिवस वाहिल्यावर दक्षिणेच्या समुद्रावरून थंड हवेची लाट येते आणि वारा एकाएकी नैर्ऋत्येकडून वाहू लागतो. उष्णता कमी झाल्यामुळे शहरातील माणसाला हायसे वाटते. परंतु रानात आगीशी झुंजणाऱ्या माणसाला सर्वांत मोठा धोका याच घटकेला असतो. उत्तरेच्या वाऱ्याने पुढे सरकणारी आग लांब व अरुंद पट्ट्यासारखी असते. तिचे तोंड लहान आणि दोन्ही कुशी लांब असतात. वारा नैर्ऋत्येचा झाला की कित्येक किलोमीटर लांबीची पूर्वेकडील कूस एका क्षणात आगीचे तोंड बनते. त्या बाजूला काम करणारी माणसे काही वेळापूर्वी सुरक्षित असतात, तीच आता आगीच्या वाटेत सापडतात. पुढील इतिहास समजण्यास हे एक चित्र मनात पक्के ठेवणे अवश्य आहे.

आरंभीचा काळ

युरोपीय वसाहतकार येण्यापूर्वी हजारो वर्षे या भूमीवर आदिवासी समाज राहत आले होते. ऋतू व वारा पाहून ते लहान लहान टापूंत हलकी आग लावीत. त्यामुळे नवे गवत येई आणि वाळलेला पालापाचोळा साचत नसे. एकोणिसाव्या शतकात वसाहतकारांनी जमिनी बळकावल्या तेव्हा आदिवासींबरोबर त्यांचे हे ज्ञानही बाजूला सारले गेले. नव्या रहिवाशांना मेंढ्या व गहू यांची माहिती होती. परंतु त्या भूमीतील आगीची माहिती नव्हती.

६ फेब्रुवारी १८५१ रोजी या अज्ञानाची पहिली मोठी किंमत मोजावी लागली. त्या दिवसाच्या आगींनी सुमारे ५० लाख हेक्टर प्रदेश, म्हणजे राज्याचा जवळजवळ चौथा हिस्सा व्यापला. सुमारे १२ माणसे आणि १० लाखांच्या आसपास मेंढ्या दगावल्या. वस्ती विरळ होती म्हणूनच माणसांची हानी इतकी कमी झाली.

त्याच वर्षी व्हिक्टोरियात सोने सापडले आणि लाकडी घरांची व कापडी तंबूंची गावे झपाट्याने उभी राहिली. अशा वस्तीत एका चुलीची ठिणगी संपूर्ण बाजारपेठ जाळण्यास पुरेशी होती. म्हणून १८५० नंतरच्या दशकात जिलाँग, बॅलरॅट, बेंडिगो इत्यादी गावांत रहिवाशांनी स्वयंसेवी अग्निशामक पथके स्थापन केली. उंच मनोऱ्यावर पहारा ठेवणे, घंटा वाजविणे, हातपंप ओढीत नेणे ही कामे गावकरीच करीत. पुढे पथकांच्या आपसांत शर्यती होऊ लागल्या. पाण्याची नळी कोण लवकर जोडतो व कोणाच्या नळीतून आधी पाणी निघते यावर बक्षिसे दिली जात. लोकांना ही करमणूक वाटे. परंतु नळी जोडण्याची सवय हातात बसावी, हा त्यातील खरा लाभ होता.

१८९० साली कायदा होऊन राजधानीसाठी एक आणि बाहेरच्या गावांसाठी एक अशी दोन अग्निशामक मंडळे ठरविण्यात आली. या व्यवस्थेने नळाचे पाणी असलेल्या गावांना आधार मिळाला. त्या गावांच्या पलीकडे पसरलेली शेते, कुरणे व विखुरलेल्या वाड्या यांच्याकडे मात्र बराच काळ कोणाचे लक्ष गेले नाही.

रानातील पथके

या उघड्या मुलखातील शेतकऱ्यांनी आपापली पथके उभारली. त्यांची साधने अगदी साधी होती. ओली गोणपाटे, हिरव्या फांद्या, दांड्याला बांधलेले चामड्याचे तुकडे यांनी आग झोडपून काढावयाची. घोड्याच्या गाडीवर पाण्याची टाकी ठेवून पिके राखावयाची. नांगराने तास मारून आगीची वाट तोडावयाची. पुढे पाठीवर अडकवावयाचे हातपंप आले. गावात दूरध्वनीचे केंद्र असेल तर तेथे बसणारी बाई एकामागून एक घरांना निरोप देई. पुष्कळ ठिकाणी तीच गावाची धोक्याची घंटा होती.

या पथकांत निष्ठेची उणीव नव्हती. उणीव होती ती परस्परसंबंधाची. प्रत्येक पथक आपल्या हद्दीपुरते पाही. आग हद्द ओलांडून शेजारच्या भागात गेली म्हणजे तेथे हुकूम कोणाचा चालावा हे ठरलेले नसे. गावातील आगीसाठी एक मंडळ, सरकारी जंगलासाठी वन आयोग आणि शेतजमिनीसाठी ही विखुरलेली पथके असे तीन भाग पडले होते. आग मात्र अशी वाटणी मानीत नाही. १४ फेब्रुवारी १९२६ रोजी मेलबर्नच्या पूर्वेस वॉरबर्टनच्या परिसरात ३१ माणसे होरपळून मरण पावली, तेव्हा या उणिवेची जाणीव झाली. परंतु जाणीव होणे आणि व्यवस्था बदलणे यांत पुष्कळ अंतर असते.

१३ जानेवारी १९३९

१९३८ साली पाऊस फार कमी झाला. डोंगरातील झरे आटले. डिसेंबरपासून ठिकठिकाणी लहान आगी धुमसत होत्या. कोणी झुडुपे साफ करण्यासाठी, कोणी गुरांना नवे गवत मिळावे म्हणून त्या लावल्या होत्या. काही तळ ठोकणाऱ्या प्रवाशांच्या चुलींतून पसरल्या होत्या. आपल्या जमिनीपासून दूर आहे म्हणून प्रत्येकाने शेजारची आग तशीच धुमसू दिली.

शुक्रवार, १३ जानेवारी १९३९ रोजी मेलबर्नचे तपमान ४५.६ अंश सेल्सिअसपर्यंत चढले आणि उत्तरेकडून सोसाट्याचा वारा सुटला. धुमसणाऱ्या आगी एकमेकींस मिळाल्या. त्या मोसमात ७१ माणसे मरण पावली आणि १५ ते २० लाख हेक्टर प्रदेश जळला. जंगलात लाकूड कापण्याच्या गिरण्या होत्या व त्यांच्याभोवती कामगारांची कुटुंबे राहत असत. अशा ६९ गिरण्या नष्ट झाल्या. बाहेर पडण्यास बहुधा एकच वाट असे आणि ती जळत्या झाडांनी अडविलेली असे. काही गिरण्यांजवळ जमिनीत खोदलेली आसरा-भुयारे होती. कित्येकांचे प्राण तेथे वाचले. परंतु सर्वच ठिकाणी ती नव्हती, आणि जी होती त्यांतही काही अपुरी ठरली. नूजी व नार्बेथाँग यांसारखी गावे जवळजवळ संपूर्ण जळाली.

चौकशी आणि तिचा निष्कर्ष

सरकारने न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. राख निवते न निवते तोच, त्याच महिन्याच्या अखेरीस आयोगाचे काम सुरू झाले. स्ट्रेटन यांनी केवळ राजधानीत बसून साक्षी घेतल्या नाहीत. ते जळलेल्या प्रदेशातील गावांत गेले. गिरणीमालक, कामगार, शेतकरी, वनाधिकारी अशा सर्वांची बाजू त्यांनी ऐकून घेतली.

मे १९३९ मध्ये सादर झालेल्या अहवालात आगींचा दोष दैवावर टाकलेला नाही. बहुतेक आगी माणसांच्या हातूनच लागल्या होत्या, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्या भूमीत आग काय करू शकते हे समजण्याइतका काळ तेथील लोक तेथे राहिलेलेच नव्हते, असाही त्याचा आशय आहे. गिरण्यांजवळ आसरा-भुयारे असावीत, रानात रस्ते व पाण्याचे साठे करावेत, हवा सौम्य असताना पालापाचोळा नियंत्रित रीतीने जाळावा, अग्निरक्षणाच्या निरनिराळ्या यंत्रणांची एकवाक्यता व्हावी, अशा शिफारशी आयोगाने केल्या. शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट त्यात आहे. आग टाळण्याचा व तिच्यापासून रक्षणाचा बहुधा सर्वांत चांगला उपाय म्हणजे प्रौढांचे व मुलांचे शिक्षण होय, असे मत या न्यायाधीशांनी नोंदविले.

जंगलातील अग्निरक्षणाचे काम वन आयोगाकडे सोपविण्यात आले. परंतु खेड्यांतील पथकांच्या एकीकरणाचा प्रश्न तसाच राहिला. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले, तरुण माणसे सैन्यात गेली आणि राज्यकर्त्यांचे लक्ष दुसरीकडे वळले.

दहा स्वयंसेवक आणि नवा कायदा

२२ डिसेंबर १९४३ रोजी वँगराटा गावाजवळ गवताला आग लागली. ती विझविण्यास गेलेले दहा स्वयंसेवक टॅराविंजी येथे आगीत सापडून मरण पावले. ही काही अनोळखी घनदाट अरण्यातील आग नव्हती. ती वाळलेल्या कुरणातील होती. गवताची आग दिसावयास लहान असते, परंतु वाऱ्याने ती माणसाच्या धावण्याहून अधिक वेगाने पळते. गेलेले लोक भित्रे किंवा आळशी नव्हते. हाक ऐकताच ते निघाले होते. धैर्य ही अग्निरक्षणाची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे, हे या घटनेने शिकविले.

पुढील दोन महिन्यांत राज्यात आणखी मोठ्या आगी लागल्या. १४ फेब्रुवारी १९४४ रोजी यालोर्न येथील कोळशाच्या उघड्या खाणीने पेट घेतला. मेलबर्नच्या विजेचा मोठा भाग याच कोळशावर अवलंबून होता. खेड्यातील आग शहराच्या दिव्यांपर्यंत पोहोचली तेव्हा विलंबास जागा उरली नाही. चौकशीचे काम पुन्हा स्ट्रेटन यांच्याकडेच आले. डिसेंबर १९४४ मध्ये कायदा संमत झाला आणि २ एप्रिल १९४५ पासून 'कंट्री फायर अथॉरिटी' हे मंडळ काम करू लागले. गावांतील आणि रानातील पथके यामुळे एका छत्राखाली आली. १९३९ च्या शिफारशीपासून या दिवसापर्यंत सहा वर्षे गेली होती.

एकत्र दलाची रचना

या दलाचे वैशिष्ट्य असे की एकीकरण करताना गावाचा अधिकार काढून घेण्यात आला नाही. प्रत्येक पथक आपला कप्तान व त्याचे सहायक सभासदांच्या मताने निवडते. शेजारच्या पथकांचा एक गट होतो. मोठी आग लागली असता कोणी कोणाच्या आज्ञेत काम करावयाचे हे आधीच ठरलेले असते. गावाला आपली माणसे व आपल्या वाटा माहीत असतात. मंडळाकडे संदेशव्यवस्था, साधने व शिक्षण असते. या दोहोंची सांगड घालणे, हाच १९४५ च्या व्यवस्थेचा गाभा होय.

युद्ध संपल्यावर लष्कराची जुनी मालवाहू वाहने मिळाली. त्यांवर टाकी व पंप बसवून पथकांनी आपले बंब तयार केले. हळूहळू बिनतारी संदेशयंत्रे आली आणि एका टेकडीवरच्या पथकाला दुसऱ्या टेकडीवर काय चालले आहे हे कळू लागले. अतिधोक्याच्या दिवशी उघड्यावर आग पेटविण्यास संपूर्ण बंदी करण्याचा अधिकार मंडळास मिळाला. कामावर असताना स्वयंसेवकास इजा झाल्यास भरपाईची तरतूद झाली. खर्चाचा मोठा भाग प्रारंभी विमा कंपन्यांच्या वर्गणीतून येत असे. ज्याने विमा उतरविला नाही त्याचेही घर पथक वाचवी, परंतु त्याचा भार मात्र विमा उतरविणाऱ्यांवर पडे. हा अन्याय दूर करण्यासाठी २०१३ पासून सर्व मालमत्ताधारकांकडून कर घेण्यात येऊ लागला. याशिवाय गावोगावचे लोक जेवणावळी, विक्री व देणग्या यांच्या द्वारे आपल्या पथकास मदत करीत आले आहेत.

आगीचा धोका मोजण्याची पद्धतही निघाली. ॲलन मॅकआर्थर या वनशास्त्रज्ञाने अवर्षण, तपमान, हवेतील ओलावा आणि वाऱ्याचा वेग यांवरून धोक्याचा आकडा काढण्याची रीत बसविली. या मापात १३ जानेवारी १९३९ ची परिस्थिती म्हणजे १०० असे धरण्यात आले. ज्या दिवसाने ७१ माणसांच्या मृत्यूची आठवण ठेवली तोच पुढील पिढ्यांसाठी मोजपट्टी झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये या रीतीच्या जागी नवी राष्ट्रीय पद्धत सुरू झाली.

वाऱ्याचा धडा पुन्हा पुन्हा

संस्था स्थापन झाली म्हणून शिकणे संपत नाही. १६ फेब्रुवारी १९८३ रोजी व्हिक्टोरिया व शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलिया या राज्यांत एका दिवसाच्या आगींनी ७५ बळी घेतले. त्या सायंकाळी अप्पर बीकन्सफील्ड येथे नॅरे वॉरन व पँटन हिल या दोन पथकांचे बारा स्वयंसेवक मरण पावले. वारा बदलला आणि आगीची कूस तिचे तोंड बनली.

२ डिसेंबर १९९८ रोजी लिंटनजवळ जिलाँग वेस्ट पथकाचे पाच स्वयंसेवक त्याच कारणाने गेले. या घटनेची चौकशी पुष्कळ खोलात जाऊन झाली. परिणामी किमान प्रशिक्षण पूर्ण केल्यावाचून कोणासही आगीवर पाठवावयाचे नाही असे ठरले. बंबातील सर्व पाणी आगीवर संपवावयाचे नाही, स्वतःच्या रक्षणापुरते ठराविक पाणी टाकीत राखून ठेवावयाचे, असा दंडक घालण्यात आला. वाहनांवर पाण्याचे फवारे व उष्णता अडविणारे पडदे बसविण्यात आले. वारा बदलण्याची सूचना प्रत्येक वाहनापर्यंत पोहोचलीच पाहिजे, यावर भर देण्यात आला. या नियमांतील प्रत्येक ओळीमागे कोणा तरी घरातील रिकामी जागा आहे.

७ फेब्रुवारी २००९ आणि त्यानंतर

७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नचे तपमान ४६.४ अंशांवर गेले. १९३९ चा उच्चांक मोडला. त्या दिवशी १७३ माणसे मरण पावली. तोपर्यंत नागरिकांना सल्ला असा होता की, एक तर घराची पूर्ण तयारी करून तेथेच थांबून ते वाचवावे, अथवा फार लवकर घर सोडावे. त्या दिवशी पुष्कळ लोक घरांतच मृत्यू पावले. पुन्हा आयोग बसला. जुलै २०१० मध्ये त्याने ६७ शिफारशी केल्या. सर्वांत भीषण दिवसांसाठी धोक्याची स्वतंत्र श्रेणी ठरविण्यात आली आणि अशा दिवशी आग लागण्याची वाट न पाहता आधीच निघून जावे असे सांगण्यात येऊ लागले. काही आगी अशा असतात की त्यांच्यापुढे कोणतेही पथक टिकाव धरू शकत नाही, हे कबूल करणे संस्थेस सोपे नसते. व्हिक्टोरियाने ते कबूल केले.

शहरे वाढली तसा पगारी व स्वयंसेवी जवानांच्या अधिकारांवरून वादही झाला. १ जुलै २०२० पासून शहरी भागातील पगारी जवानांचे दल निराळे करण्यात आले आणि कंट्री फायर अथॉरिटी ही पुन्हा मुख्यतः स्वयंसेवकांची संस्था झाली. तिची सुमारे १,२०० पथके असून स्वयंसेवकांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे. ११ ते १५ वर्षांच्या मुलामुलींसाठी बाल-पथकांची सोय आहे. परंतु त्यांना आगीवर नेले जात नाही.

स्ट्रॅथेवेन येथील शाळा

२००९ च्या आगीत स्ट्रॅथेवेन या लहानशा गावातील २७ माणसे गेली आणि तेथील प्राथमिक शाळा जळाली. शाळा पुन्हा बांधण्यात आली. काही वर्षांनी तेथील शिक्षकांनी व स्थानिक अग्निशामक पथकाने मिळून एक उपक्रम आरंभिला. पाचवी-सहावीची मुले पथकाच्या स्वयंसेवकांकडून आगीचे वर्तन, हवामान, परिसरातील वनस्पती आणि घराची तयारी यांविषयी शिकू लागली. शिकलेले इतरांना सांगावे म्हणून त्यांनी मातीच्या बाहुल्यांची चित्रफीत व पुस्तक तयार केले.

ज्या गावात जवळजवळ प्रत्येकाचे कोणी तरी गेले आहे तेथे मुलांपुढे आगीचा विषय काढावा की काढू नये, हा प्रश्न सोपा नव्हता. मौन पाळले असते तर भीती तशीच राहिली असती. माहिती दिल्यामुळे भीतीचे रूपांतर सावधपणात झाले. स्ट्रेटन यांनी १९३९ मध्ये जे मत मांडले होते त्याचा प्रत्यय सत्तराहून अधिक वर्षांनी एका वर्गात आला.

अध्यापनाची दिशा

आपल्याकडील परिस्थिती व्हिक्टोरियासारखी नाही. तथापि फेब्रुवारी ते जून या काळात डोंगरउतारावर वणवे पेटतात, बांधावर लावलेली आग कुरणात शिरते, गंज्या व गोठे जळतात. त्यामुळे पुढील गोष्टी कोणत्याही शाळेत करण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट फळ्यावरच्या आकृतीची. फळ्यावर उत्तर-दक्षिण असा लांब अरुंद पट्टा काढून त्यास आग म्हणावे. वाऱ्याचा बाण उत्तरेकडून दाखवून आगीचे तोंड कोठे आहे हे मुलांस विचारावे. नंतर बाण नैर्ऋत्येकडून काढून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. पट्ट्याची संपूर्ण पूर्व बाजू तोंड बनते हे मुलांनी स्वतः शोधून काढले पाहिजे.

दुसरी गोष्ट गावाच्या नकाशाची. विहिरी, तळे, पंप, गंज्या, अरुंद बोळ, एकटी राहणारी वृद्ध माणसे आणि गावाबाहेर पडण्याच्या वाटा मुलांनी नकाशात दाखवाव्यात. हा नकाशा ग्रामपंचायतीच्या कचेरीत लावता आला तर उत्तम.

तिसरी गोष्ट निरोपाची. आग दिसली तर आधी मोठ्या माणसाला हाक मारावयाची, १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावयाचे, गावाचे नाव व खूण स्पष्ट सांगावयाची, हे मुलांकडून प्रत्यक्ष बोलवून घ्यावे. मुलांनी आग विझवावयास जावयाचे नाही, हे मात्र निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. अंगावरील कपड्याने पेट घेतल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे, याचाही सराव घ्यावा.

चौथी गोष्ट ग्रामसभेची. डोंगराजवळच्या गावांनी उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढण्याविषयी वनखात्याशी बोलावे, बांध कोणत्या दिवशी व कोणाच्या देखरेखीखाली जाळावयाचा ते ठरवावे. ही चर्चा शिक्षकांच्या पुढाकाराने सुरू होऊ शकते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १९३९ पूर्वी व्हिक्टोरियातील पथकांत कोणती उणीव होती? ती १९४५ च्या व्यवस्थेने कशी भरून काढली?
२. थंड वारा आला असता आगीवर काम करणाऱ्यांचा धोका का वाढतो? आकृती काढून सांगा.
३. बंबातील काही पाणी राखून ठेवण्याचा नियम का करावा लागला?
४. आगीनंतर उघड चौकशी केल्याने काय साधले?
५. आपल्या गावात आग लागली तर पहिल्या दहा मिनिटांत कोणी काय करावयाचे? वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ मुलांच्या वहीत प्रथम कोरेच राहील. ते कोरे राहिले म्हणून मुलास दोष देऊ नये. ती वही गावातील मोठ्या माणसांना दाखवावी.